क्वेलसेरारचा प्रॉक टँकच्या किती कामाचा?

प्रश्न आमच्या गिल्डमधल्या (खेळातल्या आमच्या गटातल्या) एका पोराचा आहे. सुदामानगरात राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये लेव्हल ६० चा वॉरियर (योद्धा) खेळतो आणि नुकतीच रेडमध्ये, म्हणजे चाळीस जणांच्या मोहिमेत, दुसऱ्या टँकची जागा त्याला मिळाली आहे. टँक म्हणजे बॉसचा मार स्वतःच्या अंगावर घेणारा खेळाडू. त्याने विचारलं, "दादा, लिलावात फोरॉरचं पुस्तक आलंय. आतापर्यंत जमवलेलं सगळं सोनं घालून क्वेलसेरार करून घेऊ का? तिचा प्रॉक टँकिंगला खरंच उपयोगी आहे की नुसतं नावच मोठं?"

क्वेलसेरार ही तलवार, ती करून घ्यायला हे पुस्तक लागतं, आणि प्रॉक म्हणजे वार लागल्यावर शस्त्रातून कधीकधी आपोआप मिळणारा जादा परिणाम. उत्तर आधी देतो, हिशेब मागाहून. तलवार चांगली आहे, प्रॉक किरकोळ आहे. प्रॉकसाठी म्हणून सगळं सोनं उधळू नकोस.

आता हिशेब. तलवारीवर काय लिहिलंय ते आधी बघू. डॅमेज ८४ ते १२६, स्पीड २.००, म्हणजे सेकंदाला ५२.५. त्यावर १२ स्टॅमिना. आणि खाली हिरव्या अक्षरात ती ओळ, जी वाचून सगळे भुलतात: वार लागल्यावर कधीकधी १० सेकंदांसाठी १३ डिफेन्स आणि ३०० आर्मर मिळतं. तू लक्ष दिलंस या हिरव्या ओळीकडे. मी देतो त्याच्या वरच्या पांढऱ्या ओळीकडे. का, ते पुढे येईल.

कुठल्याही शस्त्राचा प्रॉक तोलताना पहिला प्रश्न हाच की तो किती वेळा लागतो. 'कधीकधी' या शब्दावर कुणी सोनं खर्च करत नसतं. क्लासिकमधले बहुतेक शस्त्रांचे प्रॉक मिनिटाच्या हिशेबाने चालतात. मिनिटाला अमुक वेळा हा दर ठरलेला असतो आणि एका वाराची शक्यता काढायची तर तो दर गुणिले शस्त्राचा स्पीड भागिले ६०. क्वेलसेरारचा दर मिनिटाला २ असा धरून चालू. २ गुणिले २.० भागिले ६०, म्हणजे लागलेल्या दर वारामागे साधारण ६.७ टक्के. बॉस डॉज करतो (वार चुकवतो), पॅरी करतो (शस्त्राने अडवतो), आपला वार चुकतो, ते सगळे वार यातून गळतात. उलट रिव्हेंजसारखे बटण दाबून मारलेले मधले खास वार भर घालतात. जमाखर्च जवळपास बरोबरीत सुटतो, म्हणून मिनिटाला २ हाच आकडा हातात ठेवू. तुझ्या लॉगमध्ये (लढाईच्या नोंदीत) वेगळा निघाला तर तो घाल, पद्धत तीच राहते.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. दर मिनिटाचा असल्यामुळे जलद तलवार घेतली म्हणून साध्या वारांतून जास्त प्रॉक मिळत नाहीत. वार वाढतात तशी दर वाराची शक्यता घटते. फरक पडतो तो फक्त मधल्या खास वारांत, आणि तोही हळू शस्त्राच्या बाजूने. "फास्ट तलवार, जास्त प्रॉक" हे आपल्या डिस्कॉर्डवर दर आठवड्याला ऐकू येतं. क्लासिकमध्ये ते बहुतेक वेळा चूक असतं.

दुसरा प्रश्न: प्रॉक लागलेला असताना नेमकं काय मिळतं? आर्मरचं गणित सोपं आहे. लेव्हल ६३ च्या बॉससमोर, म्हणजे रेडमधल्या कुठल्याही बॉससमोर, सूत्र असं: तुझं आर्मर भागिले तुझं आर्मर अधिक ५७५५. तुझं शील्डसकट आर्मर ८००० धरू. ८००० भागिले १३७५५, म्हणजे ५८.२ टक्के मार अडला. प्रॉक लागला, ८३०० झालं, ८३०० भागिले १४०५५, ५९.१ टक्के. "दादा, एकच टक्का?" असं म्हणशील, पण तसं मोजायचं नसतं. अंगावर येणारा मार आधी ४१.८ होता, आता ४०.९ झाला. म्हणजे जो मार तू खरोखर खातोस त्यातला २.१ टक्के कमी झाला.

डिफेन्सचा एक पॉइंट म्हणजे मिस, डॉज, पॅरी, ब्लॉक या प्रत्येकात ०.०४ टक्के. १३ पॉइंटांचे ०.५२ टक्के प्रत्येकी. ब्लॉक सोडून दे, पूर्ण मार चुकवणारे तीनच, त्यांची बेरीज १.५६. तुझ्यावर येणाऱ्या १०० वारांपैकी आज साधारण ७० लागत असतील तर त्या ७० मधले दीड कमी झाले, म्हणजे २.२ टक्के. आर्मर आणि डिफेन्स मिळून प्रॉक चालू असताना तू सुमारे ४.३ टक्के कमी मार खातोस.

पण तो चालू किती वेळ असतो? मिनिटाला दोन, प्रत्येकी १० सेकंद, म्हणजे २० सेकंद, एक तृतीयांश, असं वाटतं. पण एक प्रॉक चालू असतानाच दुसरा लागला तर तो फक्त घड्याळ पुन्हा सुरू करतो, वर चढत नाही. तो ओव्हरलॅप वजा केला की लढाईचा सुमारे २८ टक्के वेळ हातात उरतो. ४.३ चे २८ टक्के म्हणजे १.२. सबंध लढाईत, सरासरीने, दर १०० मागे १.२ मार कमी. एवढ्याने तुझ्या हीलरला (तुझी हेल्थ भरणाऱ्याला) काहीही जाणवणार नाही. त्याचं ओव्हरहीलिंग, म्हणजे गरजेपेक्षा जास्त झालेली वाया हील, याच्या कितीतरी पट असतं.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि म्हणतात, बरं, १.२ तर १.२, फुकटात मिळतंय. मी थांबत नाही, कारण टँक सरासरीने मरत नाही. टँक मरतो तो दीड-दोन सेकंदांत, दोन वार लागोपाठ लागले आणि मधली हील उशिरा आली म्हणून. त्यामुळे शस्त्राचा प्रॉक त्या दोन सेकंदांत ठेवून बघायला हवा.

ठेवून बघू. तुझी हेल्थ ८०००. बॉसचा साधा वार ३००० लागतो. लेव्हल ६३ चा बॉस तुला १५ टक्के वेळा क्रशिंग ब्लो मारू शकतो, तो दीडपट, ४५००. क्रशिंग आणि लगेच साधा वार, ७५००. तू ५०० वर जिवंत. बॉसने पॅरी-हेस्ट घेतली असेल, म्हणजे तुझा वार पॅरी करून त्याचा पुढचा वार लवकर आला असेल, तर हे दोन वार एकमेकांना चिकटून येतात आणि मध्ये हील शिरायला जागाच राहत नाही. समोरून उभ्या असलेल्या टँकचे साधारण १४ टक्के वार लेव्हल ६३ चा बॉस पॅरी करतो, त्यामुळे हा प्रसंग दुर्मिळ अजिबात नाही.

आता यात क्वेलसेरारचा प्रॉक चालू होता असं समज. दोन्ही वार तर लागलेच आहेत, म्हणजे डिफेन्सने काही चुकवलं नाही. उरलं आर्मर. ७५०० चे २.१ टक्के, १६० वाचले. बरं झालं. पण हे १६० फक्त प्रॉक चालू असेल तर, म्हणजे चारातल्या जेमतेम एका वेळेला. आणि त्याच तलवारीवरचा १२ स्टॅमिना? एका स्टॅमिनाला १० हेल्थ, १२ ला १२०. हे १२० चोवीस तास, बारा महिने. बॉसचा पहिला वार असो की शेवटचा, प्रॉक लागो की न लागो. म्हणून म्हटलं, मी वरची पांढरी ओळ बघतो. जी गोष्ट कुणी विचारातही घेत नाही ती या तलवारीतला टँकच्या कामाचा खरा भाग आहे. हिरवी ओळ वाचायला छान आहे.

प्रॉक वेळेवर येतो का, हाही हिशेब आहे. मिनिटाला दोन या दराने कुठल्याही १० सेकंदांत प्रॉक अजिबात न लागण्याची शक्यता ७२ टक्के. ३० सेकंद कोरडे जाण्याची ३७. पूर्ण मिनिट कोरडं जाण्याची साडेतेरा. पुल झाल्यानंतरचे, म्हणजे लढाईला तोंड फुटल्यानंतरचे, पहिले १० सेकंद, जिथे थ्रेटही (शत्रूला तुझ्यावरच खिळवून ठेवणारा आकडा) नसतं आणि हीलरही अजून जागेवर पोहोचत असतात, तिथे बहुतेक वेळा प्रॉक नसणारच. तो येतो ते वरातीमागून घोडं. तीन मिनिटांच्या लढाईत सरासरी सहा लागतील, पण शंभरातल्या सहा लढायांत दोन किंवा त्याहून कमी लागतील. अशा लढाईत तू डिस्कॉर्डवर तलवारीला शिव्या घालशील. तलवारीचा काही दोष नसेल.

इथे तू एक मुद्दा काढशील, मागेही काढला होतास, की आपण इंदूरहून युरोपच्या सर्व्हरवर खेळतो, बटण दाबल्यावर शील्ड ब्लॉक (ढालीने वार अडवायची चाल) लागेपर्यंत जीव जातो, त्यापेक्षा आपोआप लागणारा प्रॉक बरा. मुद्द्यात दम आहे, पण अर्धाच. लॅगवर इलाज म्हणजे आधीच दाबून ठेवणं. बॉसचा वार कधी येणार हे स्विंग टायमर दाखवतो. शील्ड ब्लॉक पाच सेकंद टिकतो आणि पाच सेकंदांनी पुन्हा मिळतो. तो सतत फिरता ठेवला तर लॅगची फिकीर राहत नाही. (बाकी लॅगपेक्षा आपला खरा शत्रू घड्याळ आहे. तिकडे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा. अनंत चतुर्दशीला झाक्या बघून आलेले लोक रेडमध्ये काय दिवे लावतात ते मी पाहिलंय.)

आता सोन्याचा प्रश्न. प्रॉक तुला ३०० आर्मर देतो, त्याच्या मर्जीने. ग्रेटर स्टोनशील्ड पोशन तुला २००० आर्मर देतं, दोन मिनिटं, तुझ्या मर्जीने. वरच्याच सूत्रात घाल: ८००० चे १०००० झाले की अंगावरचा मार १२.७ टक्क्यांनी उतरतो, आणि नेमका त्या टप्प्यात जिथे बॉस एनरेज होणार आहे (चवताळून जास्त मारणार आहे). एलिक्सिर ऑफ सुपीरियर डिफेन्स ४५० आर्मर देतं, तासभर. तेही प्रॉकपेक्षा जास्त आणि कायम, ३.२ टक्के. फ्लास्क ऑफ द टायटन्स १२०० हेल्थ देतो, दोन तास, मेल्यावरही उतरत नाही. तलवारीच्या स्टॅमिनाच्या दहापट. पुस्तकाच्या किमतीत अशा कितीतरी रात्री निघतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला करायचाच असेल तर निदान मसाला तरी कामाचा घ्यावा.

मग चांगला टँकिंग प्रॉक कसा असतो? त्यासाठी थंडरफ्युरी या दुसऱ्या तलवारीकडे बघ. तुला ती लवकर मिळेल असं म्हणत नाही. गार आणि बॅरन गेडन या बॉसकडून तिचे दोन्ही भाग (बाइंडिंग) पडायला लोकांना कित्येक महिने लागतात. पण मोजपट्टी म्हणून ती उत्तम आहे. तिचा प्रॉक लागला की ३०० नेचर डॅमेज, वीज पाच शत्रूंपर्यंत उडी मारते, आणि मुख्य शत्रूचा हल्ल्याचा वेग १२ सेकंद २० टक्क्यांनी मंद. थ्रेटचे गुणक असे: डिफेन्सिव्ह स्टान्स या पवित्र्याचा १.३ आणि डिफायन्स या टॅलेंटचा १.१५, गुणाकार १.४९५. म्हणजे बॉसने विजेचा मार रेझिस्ट केला नाही तर ३०० डॅमेजचं साडेचारशेच्या आसपास थ्रेट. टँकच्या नेहमीच्या संडर आर्मर या एका वाराचं थ्रेट सुमारे २६०, त्याला तोच गुणक लावला तर ३९०. म्हणजे एक थंडरफ्युरीचा प्रॉक एका संडरपेक्षा भारी, रेजचा (चाली वापरायला लागणाऱ्या शक्तीचा) एक कणही न जाळता. हे थ्रेट उशिरा आलं तरी वाया जात नाही, कारण थ्रेट साचतं. वाचवलेला मार साचत नाही. हा फरक डोक्यात ठेवलास तर पुढे कुठलंही शस्त्र हातात आलं तरी त्याचा प्रॉक तुला स्वतःला तोलता येईल.

तिच्या मंदावण्याचाही हिशेब करून टाकू, कारण त्यात एक मेख आहे. बॉस दर दोन सेकंदांनी मारतो, मिनिटाला ३० वार. थंडरफ्युरी लागली की वारांमधला वेळ २.४ सेकंद होतो, वार २५. पाच वार वाचले, मोठी गोष्ट. पण रेडमध्ये कुणीतरी वॉरियर थंडर क्लॅप (शत्रूला मंदावणारी चाल) मारतच असतो, तिचे १० टक्के आधीच लागू आहेत, वार आधीच २७ वर आलेत, आणि हे दोन्ही एकावर एक चढत नाहीत. म्हणजे थंडरफ्युरीचा खरा फायदा २७ वरून २५, ८ टक्के. एक मात्र आहे: क्लासिकमध्ये थंडर क्लॅप बॅटल स्टान्समधूनच मारावी लागते, म्हणून ती टँकला स्वतःला परवडत नाही. थंडरफ्युरी असली की तेवढा डीपीएस (नुसतं मारायचं काम करणारा) वॉरियर मोकळा होतो. अशा गोष्टी टूलटिपवर लिहिलेल्या नसतात. कुठलाही परिणाम मोजताना रेडमध्ये आधीच काय आहे ते वजा करून मोजायचं. थंडरफ्युरीला तर बॉसवरच्या डीबफच्या (त्याला कमजोर करणाऱ्या परिणामांच्या) दोन जागा लागतात; जिथे १६ जागांची मर्यादा आहे तिथे तो खर्चही तिच्याच नावावर.

क्वेलसेरारच्या १३ डिफेन्सबद्दल अजून एक गैरसमज आहे, तो काढून टाकतो. लेव्हल ६३ च्या बॉसच्या क्रिटपासून (दुप्पट लागणाऱ्या वारापासून) पूर्ण सुटका हवी तर ४४० डिफेन्स लागतं. काही जण ४३० वर थांबतात आणि म्हणतात, उरलेलं तलवार देईल. तलवार चारातल्या एका वेळेला देईल. उरलेल्या तीन वेळा एखादा वार दुप्पट बसू शकतो, याची तयारी ठेव. ४४० कपड्यांवरच पूर्ण करायचं, आणि एकदा ते पूर्ण झालं की प्रॉकच्या १३ मधला क्रिट कमी करणारा भाग फुकट जातो. क्रशिंगचंही तसंच. शील्ड ब्लॉकसकट मिस, डॉज, पॅरी, ब्लॉकची बेरीज कागदावर १०२.४ झाली की क्रशिंग ब्लो लागण्याची शक्यताच उरत नाही. तू १०१ वर अडकला असशील तर प्रॉकचे दोन टक्के तुला त्या दहा सेकंदांपुरते पार करतील. एक अंगठी किंवा एक एन्चांट (कपड्यावर किंवा शस्त्रावर लावलेली कायमची जादू) बदलून कायमचं पार होता येत असताना दहा सेकंदांचं कौतुक कशाला.

तलवारीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ५२.५ डीपीएस (सेकंदाला डॅमेज) या टप्प्यावर टँकच्या एकहाती शस्त्रासाठी खूप छान आहे, आणि तू ह्युमन आहेस. ह्युमनला तलवारीत पाच स्किल जास्त मिळतं, ३०५ होतं. त्याने बॉसवर तुझे वार कमी चुकतात आणि ग्लान्सिंग (निसटत्या) वारांचं डॅमेज बरंच सुधारतं. थ्रेटच्या दृष्टीने हे पाच पॉइंट प्रॉकपेक्षा कितीतरी मोलाचे आहेत. ऑर्क असतास तर मी म्हणालो असतो, तलवारीचा नाद सोड आणि कुऱ्हाड शोध. क्वेलसेरारवर क्रुसेडर हा एन्चांट लावशील, सगळे लावतात. तोही प्रॉकच आहे, मिनिटाला एक, १०० स्ट्रेंग्थ १५ सेकंद. चालू असताना १४ डीपीएस देतो, सरासरी काढलीस तर तीनच्या आसपास. लाव, पण त्याच्याकडूनही चमत्काराची अपेक्षा नको.

आणखी एक छोटीशी गंमत: मार कमी खाल्ला की रेजही कमी मिळतं. मोल्टन कोअर या रेडमध्ये, जिथे तुझे कपडे आता बॉसपेक्षा वरचढ आहेत, तिथे जास्त बचाव म्हणजे कमी थ्रेट. तिथे तर क्वेलसेरारचा प्रॉक थोडा उलटाच पडतो.

यातला एकही आकडा माझ्या शब्दावर घेऊ नकोस. लढाईआधी चॅटमध्ये स्लॅश मारून कॉम्बॅटलॉग लिही, फाइल वॉरक्राफ्ट लॉग्स या साइटवर चढव, बफच्या पानावर प्रॉकचा अपटाइम (तो किती वेळ चालू होता ते) टक्क्यांत दिसतो. आपल्या मुख्य टँककडे क्वेलसेरार आहेच, त्याचे जुने लॉग उघड. एकदोन बॉस बघून निकाल देऊ नकोस. दर १० टक्क्यांच्या आत पकडायचा तर शंभरेक प्रॉक हवेत, म्हणजे मिनिटाला दोन या दराने ५० मिनिटांची निव्वळ लढाई. मग टँक जिथे जिथे मेला ते क्षण काढ आणि त्या क्षणी प्रॉक चालू होता का ते बघ. बफच्या पानावरच्या टक्क्यांपेक्षा ते जास्त सांगतं.

तेव्हा पुस्तकाचं असं कर. तुझ्या एकूण सोन्याच्या निम्म्यात मिळत असेल आणि महिनाभराच्या फ्लास्क-पोशनचं सोनं बाजूला राहत असेल तर घे, ५२.५ डीपीएस आणि १२ स्टॅमिनासाठी घे. त्याहून महाग असेल तर थांब. हे पुस्तक जिथे पडतं त्या डायर मॉलला लोक रोज जातात, ते पुन्हा येईल. घेतलंसच तर ओनिक्सिया या ड्रॅगनच्या रेडआधी मला सांग, कारण कच्ची तलवार तिच्या आगीच्या फुत्कारात तापवावी लागते आणि ती मेल्यावर तापलेली असतानाच तिच्या अंगात खुपसावी लागते. चाळीस जणांना सांगून ठेवलं नाही तर कुणीतरी घाईघाईने कातडं सोलायला बसतो.